समुद्रफुलाचा कौल

आमच्या धंद्याला धड नाव नाही. सुतार म्हटलं की सुतार, कासार म्हटलं की कासार. पण जो तसबिरींना काच बसवतो, खिडक्यांची तावदानं लावतो, आरशाला पारा चढवून देतो आणि कंदिलाची तडकलेली चिमणी घेऊन आलेल्याला "नवी घ्या" एवढंच सांगतो, त्याला काय म्हणायचं? जळगावात मला सगळे काचवाले दामूभाऊ म्हणत. आता हात थरथरतो म्हणून हिरकणी पेटीत घालून ठेवली आहे. थरथरत्या हातानं लेखणी मात्र धरता येते असं या अंकाच्या संपादकांचं म्हणणं पडलं, आणि घरच्यांनीही त्यांचीच री ओढली. म्हणजे दुपारभर मी कुणाच्या पायात येणार नाही.

हिरकणी म्हणजे काच कापायची लेखणी. तिच्या टोकाला कणभर हिरा असतो. लोकांना वाटतं आम्ही काच कापतो. काच कापत नाही कुणी. तिच्यावर एक रेघ ओढायची, आणि ओढताना कान द्यायचा. रेशीम फाडल्यासारखा बारीक आवाज आला की रेघ बसली. मग खालून टिचकी मारली की काच त्या रेघेवरून सुटते. नाहीच बसली तर त्याच रेघेवरून हिरकणी दुसऱ्यांदा फिरवायची नाही. हिराही जातो आणि काचही कुठल्या कुठे फुटते. हे शिकायला मला चांगली दोन वर्षं लागली आणि बापाच्या बऱ्याच शिव्या खाव्या लागल्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. एकजण वडिलांची तसबीर घेऊन आला, म्हणाला काळी चौकट लावा आणि हाराला वर खिळा ठेवा. मी म्हटलं, "केव्हा गेले?" तो म्हणाला, "गेले कुठं? बाहेर टांग्यात बसलेत. त्यांनाच चौकट पसंत करायची आहे." म्हातारा आला, चार चौकटी उलटसुलट करून पाहिल्या, सगळ्यांत जाड निवडली आणि भाव पाडून घेतला. दुसऱ्या एका बाईंनी आरसा परत आणला, कारण त्यात त्या नणंदेसारख्या दिसत होत्या. मी तोच आरसा पुसून, दोन दिवस ठेवून परत दिला. मग चांगला दिसू लागला म्हणे.

पण हे सगळं सांगायला मी बसलेलो नाही. एकाच कामाविषयी लिहायचं मनात आहे, आणि ते काम माझ्या धंद्यातलं म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.

शिरपूरकडचे एक कापसाचे व्यापारी जळगावात जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, घालून स्थायिक झाले होते. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणत असे. मुंबईला त्यांच्या गाठी जिथे जात त्या आडत्याच्या बंगल्यावर त्यांनी काचेच्या हौदात समुद्राचं पाणी भरून ठेवलेलं पाहिलं. त्यात मासे, शंख आणि दगडावर फुललेलं एक फूल. आबा परत आले ते थेट माझ्या दुकानात.

"दामूभाऊ, माले समुंदर बनाडी द्या," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. मग बसलो दोघं मापं घेत. सातपुड्याच्या सागाची चौकट, तळाला फरशी, चारी बाजूंनी जाड काच. काच बसवायला आम्ही लांबी वापरतो, म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा. खिडकीला ती जन्मभर टिकते. खाऱ्या पाण्यानं मात्र आठवडाभरात तिचं पिठलं केलं आणि आबांच्या दिवाणखान्यात पूर आला. मग राळ आणि डांबर घालून नवी लांबी केली. ती टिकली.

समुद्राचं पाणी मुंबईहून चिनी मातीच्या बरण्यांतून रेल्वेनं आलं. मासे वाटेतच मेले. खेकडा पोचला, पण त्यालाही जळगाव मानवलं नाही. उरलं ते दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. तपकिरी देठ, वर हिरवट पाकळ्यांचा झुबका, मूठभर आकार. पाकळ्या पाण्यात सारख्या हलत. बोट लावलं की क्षणात सगळं मिटून गोळा.

त्या दिवसापासून मी काचवाल्याचा हौदवाला झालो. आबांनी मला रोज सकाळ-संध्याकाळ येऊन त्याची निगा ठेवायला सांगितलं, आणि नाही म्हणायची माझी छाती नव्हती. खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. आडत्याच्या माळ्यानं जे चार शब्द सांगितले होते तेवढंच माझं ज्ञान. पाणी करवंटीनं उचलून उंचावरून सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. तांब्या-पितळेचं भांडं आत बुडवायचं नाही, त्यानं ही जात मरते. आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं. इथेच आबांच्या घरच्यांनी घोळ केला. समुद्र खारा, मग त्यात घालायचं पाणीही खारंच पाहिजे, नाहीतर समुद्र बाटेल, असं ठरवून त्यांनी मीठ कालवून घातलं. पाणी आटतं, मीठ आटत नाही, हे पटवेपर्यंत फूल सुकल्या वांग्यासारखं झालं होतं. कसंबसं वाचलं.

आणि ते चालतं हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी दगडाच्या या बाजूला, तर दुसऱ्या दिवशी त्या बाजूला. देठाच्या तळाला त्याचा एकुलता एक पाय असतो, तो चिकटवत, सोडवत, पाहणाऱ्याला पत्ता न लागू देता ते सरकतं. कधी काचेवर चढून बसतं. ऊन फार झालं, पाणी शिळं झालं, भूक लागली की जागा बदलतं. बरं वाटलं की महिना महिना हलत नाही. मला एवढंच कळलं होतं, आणि आजही याहून जास्त कळत नाही.

खाण्यावरून एकदा मोठा प्रसंग आला. गिरणेवरून एक भोई मला बारीक झिंगे आणून देई, ते मी कुणी नसताना फुलाला भरवत असे. घर माळकरी नव्हतं, पण आबांच्या पत्नी, त्यांना सगळे अक्का म्हणत, घरात मासळी येऊ देत नसत. एकदा त्यांनी फुलानं झिंगा गिळताना पाहिला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. आबा म्हणाले, "देवीले बोकडा चालस, मंग तिना फूलले झिंगा चालना नही का?"

'तिना फूल' म्हणजे देवीचं फूल. आबा सहज बोलले असतील, पण तिथून ते देवीचं झालं.

आमच्याकडे कौल लावतात हे वाचकांना सांगायला नको, पण शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबांनी दुसरा जिन घ्यावा की नाही याचा कौल लावला होता, आणि पाकळ्या काही केल्या पडेनात. वैतागून ते दिवाणखान्यात आले तर समुद्रफूल दगड सोडून उजव्या काचेवर जाऊन बसलेलं. आबांनी जिन घेतला. त्या वर्षी कापूस असा पिकला की जिन रात्रंदिवस चालला. मग काय विचारता! हौदाच्या उजव्या आणि डाव्या काचेवर कुंकवाची बोटं उठली.

पुढं पुढं आळीतले लोक येऊ लागले. हरवलेली म्हैस सापडेल का, असोद्याची सोयरीक करावी की सोडावी. सावद्याचे एक केळीवाले तर माल कोणत्या दिवशी लादावा तेही विचारून जात. मला कौल चालू असताना पाण्याला हात लावायची बंदी. पाणी शिळं झालं की फूल अस्वस्थ होई, अस्वस्थ झालं की चाले, आणि चाललं की लोक म्हणत, "देवी बोलनी!" मी गप्प राहत असे. म्हैस सापडली तरी माझं काही जात नव्हतं, न सापडली तरी नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो.

आबांना एकच मूल, इंदू. बारा-तेरा वर्षांची असेल. भारी चुळबुळी. मी करवंटीनं पाणी सोडू लागलो की शेजारी येऊन बसे आणि प्रश्नांचा भडिमार. "काका, याले झोप येस का? याले माय शे का? हाई मुंबईले परत चालत गयं तर कव्हय पोची?" मी म्हणे, "तुझं लग्न होऊन नातवंडं होतील तेव्हा." तिला हे उत्तर फार आवडे.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आमच्या खानदेशातल्या मुलींचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी. आबांच्या मागच्या अंगणात कडुनिंबाला झोका होता. इंदू उभ्यानं झोका घेत वर गेली आणि वाळलेल्या फांदीचा काटका तिच्या डाव्या डोळ्यात घुसला. मी आत हौदाशी होतो. गाणं मध्येच थांबलं, ते मला अजून ऐकू येतं.

धुळ्याहून डोळ्यांचे डॉक्टर बोलावले. शांत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी दिवाणखान्यात बसून आबांना सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो. डावा डोळा गेला, आता त्याचं काही होणार नाही. पण तो आत तसाच राहिला तर चांगला डोळाही बिघडतो. लगेच नाही, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी. कधी बिघडतही नाही. पण एकदा बिघडायला लागला की आवरत नाही. म्हणून पोरीला धुळ्याला आणा, गेलेला डोळा काढून टाकू, आणि जे करायचं ते या पंधरवड्यात करा.

आबा म्हणाले, "काढी टाकानं? म्हंजे खाच?"

डॉक्टर "हो" म्हणाले.

ते गेल्यावर घरात जे झालं ते सांगत नाही. पोटच्या पोरीचा डोळा आपल्या संमतीनं काढायचा, आणि तोही कशासाठी, तर दुसरा कदाचित जाईल म्हणून. कोणता बाप चटकन हो म्हणेल? आधी अक्काही किंचाळल्या. पण संध्याकाळपर्यंत त्यांचं मन फिरलं. त्यांचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. त्या आबांना म्हणाल्या, "मना मामाना एक डोया काटानं गया. दुसरा त्याना मांगेमांगे गया. मी देखेल शे. डाक्टर खोटं नही सांगस. पोरले धुयाले लई चाला."

आबांनी मान खाली घातली. "देवीले पुसतस," ते म्हणाले.

फूल तेव्हा हौदाच्या मधोमध दगडावर होतं. आबांनी आंघोळ करून, हात जोडून विचारलं. उजव्या काचेला लागलं तर धुळ्याला जायचं, डाव्या काचेला लागलं तर डोळा तसाच ठेवायचा. काचेला लागेपर्यंत थांबायचं.

मी आयुष्यात मोठ्या माणसाला शहाणपण शिकवायला कधी गेलो नाही. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, ते जनावर आहे. ऊन लागलं की सरकतं, पाणी शिळं झालं की सरकतं. ते पोरीच्या डोळ्यासाठी सरकत नाही."

आबा चिडले नाहीत. म्हणाले, "दामूभाऊ, मूर्तीवरनी पाकयीबी सुकनी का पडस. हाई काय माले माहीत नही? ती सुकस कोन्हामुये, ते सांगा."

मी करवंटी जागेवर ठेवली आणि दुकानाकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा जिनवर असताना अक्का माझ्यापाशी आल्या. मासळीच्या प्रसंगानंतर त्या माझ्याशी फारशा बोलत नसत. हौदाकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, ते कसं चालस ते तुमले माहीत शे. त्याले उजवीकडे न्या."

"अक्का, आबांना कळलं तर?"

"तुमी न्या."

मग मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. वैशाखातलं जळगाव म्हणजे भट्टी. फुलाला गारवा हवा असणार हे उघड होतं. उजव्या काचेला बाहेरून ओलं गोणपाट लावलं आणि कुणी विचारलं तर काच तडकू नये म्हणून, असं सांगायचं ठरवलं. डावीकडची खिडकी उघडी टाकली, तिकडून झळा येऊ दिल्या. अक्का दर थोड्या वेळानं येत, गोणपाटावर पाणी शिंपडत आणि जात. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. फूल सैल पडलं. देठाची एक कड दगडावरून सुटून उजवीकडे लांबली. अक्कांनी ते पाहिलं आणि माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आल्या.

पण ते नेहमीसारखं चालेना. एक कड उजवीकडे ओढत होती, आणि दुसरी दगडाची डावी बाजू सोडायला तयार नव्हती. देठ रुंद होत गेला, मग मध्ये चिंचोळा. मला वाटलं ते मरतंय. वाट पाहण्यात दिवस जात होते, डॉक्टरांचा पंधरवडा सरत आला होता, आणि आबा सकाळ-संध्याकाळ हौदासमोर पाट टाकून बसत. एका सकाळी मी आलो तर दगड मोकळा होता. फुलाची मधून फाटून दोन झाली होती. एक उजव्या काचेला, एक डाव्या काचेला. दोन्ही जिवंत.

पुढं कधीतरी मुंबईच्या त्या माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, ही जात अशीच वाढते, एकाची दोन होतात, उन्हाच्या त्रासानं जास्तच. मला तेव्हा हे माहीत असतं तरी काय उपयोग होता?

शेजारच्या खोलीतून इंदूनं विचारलं, "काका, कोनीकडे गयं?" तिच्या डोळ्यावर पट्टी होती.

मी म्हटलं, "दोन्हीकडे गेलं बाळ."

ती हसली. "मंग मी काय करू?"

आबा बराच वेळ हौदासमोर बसून होते. मग उठून आत आले आणि अक्कांना म्हणाले, "देवीनी वाटनी करी दिधी. एक डोया तिनी लिधा, एक आपले ठेवा. आते काढानं काय कारन?" त्यांच्या चेहऱ्यावरून इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. इतका अर्थ लागणारा कौल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. खरं सांगू? मलाही क्षणभर तो पटला.

अक्कांना नाही पटला. "हाऊ कौल नही झाया. परत लावा," त्या म्हणाल्या.

"देवीले दोनदा पुसतस का?" आबा म्हणाले. देवीला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत, हे अक्कांनाही माहीत होतं. त्या गप्प झाल्या. मला त्या गप्प होण्याचा राग आला, आणि माझाही आला, कारण मीही गप्पच होतो. पण मी कोण? काचवाला.

डावा डोळा हळूहळू सुकला. इंदू पुन्हा अंगणात खेळू लागली, पुन्हा माझ्याशेजारी बसून प्रश्न विचारू लागली. आता फुलं दोन होती म्हणून प्रश्नही दुप्पट. आबांनी देवीला साडी-चोळी केली. पोळ्याच्या सुमाराला तिचा उजवा डोळा लाल झाला. पाणी येऊ लागलं, उजेड सोसेना. त्याच दिवशी गाडी धरली, चाळीसगावला बदलून धुळ्याला नेली. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. तेही आबांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं आबा मला एकदा म्हणाले.

इंदू परत आली ती अक्कांच्या खांद्यावर हात ठेवून, पायांनी उंबरा चाचपत. दिवाळीनंतर तिला उजेड-अंधारही कळेनासा झाला.

आबांनी हौदावरची कुंकवाची बोटं स्वतःच्या नखानं खरवडली. कौल त्यानंतर त्या घरात कुणी लावला नाही. हौद मागच्या पडवीत गेला. आबा त्याच्याकडे बघत नसत. मला वाटलं आता माझी सुट्टी, पण इंदूनं तो आपल्या खोलीत मागून घेतला. मी पाणी सोडू लागलो की ती बाही वर करून हात आत घाले. समुद्रफुलाला बोट लावलं की पाकळ्या बोटाला हलक्या चिकटतात, ओढतात. तिला ते फार आवडे. कोणतं कुठं आहे ते ती हातानं शोधून मला सांगे, आणि मी "बरोबर" म्हणे. तिचं लग्न झालं नाही. ती घर सांभाळू लागली, आणि अक्का गेल्यावर तर सगळंच तिच्या हातात आलं. चुलीजवळ तिला वावरताना पाहून परक्याला कळलंही नसतं.

अशी बरीच वर्षं गेली. लढाई सुरू झाली, गाड्यांतून सोजीर जाऊ लागले, आमच्या समुद्राच्या बरण्यांना कोण जागा देणार? मिठागरातलं जाडं मीठ मिळवून मी विहिरीच्या पाण्यात समुद्र करू लागलो. जिभेवर चव घेऊन अंदाज करायचा. फुलांनी तेही सोसलं. ही जात म्हातारी होत नाही म्हणतात. आम्ही मात्र झालो. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जिन भाच्याच्या हाती गेला आणि आबा ओसरीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखू लागले.

धुळ्याचे ते जुने डॉक्टर आता नव्हते, त्यांच्या जागी दुसरे होते. त्यांनी सांगितलं, काढता येईल, दिसेल. भाच्यानं सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं. आबांचा नन्ना कायम. एकदा मी हौदाचं पाणी करून निघालो तर मला बसवून म्हणाले, "दामूभाऊ, माले आते काय देखानं शे? सकाय-संध्याकाय पोरनं तोंड देखानं?" आत इंदू भाकरी थापत होती. थापायचा आवाज मध्येच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती आबांना हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन आली होती. आंधळी पोर आणि अधू बाप, कोण कुणाला नेत होतं सांगता आलं नसतं. तिनं त्यांना हौदासमोर पाटावर बसवलं.

"आबा, देवीले पुसतस," ती म्हणाली.

आबा दचकले. "नही. हाई नही पुसानं."

"मनासाठे पुसं ना तुमी? आते मी तुमनासाठे पुसस. उजवीकडे लागेल व्हई तर धुयाले जावानं. देवीना कौल मोडता येस नही, तुमीच सांगेल शे."

तिनं बाही सावरली, हात पाण्यात घातला, दगड चाचपला, मग काच. ती थोडी थांबली.

"उजवीकडे शे," ती म्हणाली. "दोन्ही उजवीकडे."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांचे डोळे दुधाळ झालेले, त्यांना हौदाची कडसुद्धा दिसत नसावी. "दामूभाऊ, खरं शे का?"

दोन्ही फुलं डाव्या काचेला होती. ऊन उजवीकडून येत होतं, म्हणून सकाळपासून ती डावीकडे सरकलेली. इंदूची बोटं डाव्या काचेलाच होती आणि एका फुलाच्या पाकळ्या तिच्या बोटाला चिकटलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. हौद माझ्या हातचा, तिचीही त्यात रोजची बोटं. डावं-उजवं चुकायला ती काही नवखी नव्हती.

"हो आबा," मी म्हटलं. "दोन्ही उजवीकडे."

आबांनी हात जोडले आणि लहान पोरासारखे रडले. इंदूनं बोट हळूच सोडवून घेतलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "काका, ती खिडकी लावा. ऊन येस."

भाच्यानं दुसऱ्याच दिवशी त्यांना धुळ्याला नेलं. परत आले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. मी भेटायला गेलो तर ओसरीवर नव्हते, इंदूच्या खोलीत होते. इतक्या वर्षांनी ते त्या हौदासमोर आपणहून बसले होते. मला पाहून म्हणाले, "दामूभाऊ, ह्या तं डावीकडे शेतस."

मी करवंटी हातात घेऊन उभा राहिलो.

इंदू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आबा," ती म्हणाली, "त्या चालतस ना."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसले. मी पाणी वर-खाली करायला लागलो.